न वाचता आलेलं मानपत्र

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे मालक, कलाशाळेच्या प्राचार्या असलेल्या आपल्या प्रमुख पाहुण्या, ज्यांच्यासाठी आज आपण हातातली कामं ठेवून जमलो ते आज निवृत्त होणारे आपले साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, छपाईतले, रंगातले, बांधणीतले माझे सगळे सोबती, आणि अगदी मागे चहाच्या थर्मासपाशी उभ्या असलेल्या आपल्या मावशी, सगळ्यांना माझा नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. मी कमी बोलणारा माणूस. सत्तावीस वर्षं या संस्थेत अक्षरं काढतो आहे, आणि अक्षरं काढणाऱ्याला तोंडाने बोलायची सवय राहत नाही. तरी आज थोडी जास्त मिनिटं लागतील. अध्यक्षांनी घंटी वाजवली तर मला ऐकू येईल. थांबेन असं मात्र नाही.

सुरुवातीला प्राचार्याबाईंची माफी मागायची आहे. मघाशी त्यांनी साहेबांचं मानपत्र वाचायला घेतलं. ‘आदरणीय’ इथपर्यंत आल्या आणि थांबल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मानपत्र लांब धरून पाहिलं, मग जवळ. शेवटी हसून म्हणाल्या, “उजेड जरा कमी आहे, आणि माझे डोळेही आता पहिल्यासारखे राहिले नाहीत.” मग चार चांगली वाक्यं मनानेच जोडून त्यांनी वेळ निभावून नेली. आपण टाळ्या वाजवल्या.

बाई, उजेड कमी नव्हता. या सभागृहात बावीस दिवे आहेत आणि बावीसच्या बावीस चालू आहेत, मी सकाळी येऊन मोजले. तुमचे डोळेही उत्तम आहेत. ते मानपत्र वाचता येत नाही, कारण ते मी तसं केलं आहे. तुम्ही पाहुण्या असून तुम्हाला भरल्या सभेत स्वतःच्या डोळ्यांना बोल लावावा लागला, हे माझं पाप. हात जोडतो.

साहेब, तुम्ही हसताय. हसा. मी गंमत करतो आहे असं तुम्हाला अजून वाटतंय.

समारंभाची रीत म्हणून आधी साहेबांचे गुण सांगतो, आणि ते खोटे सांगणार नाही. साहेब एकतीस वर्षांत एकदाही उशिरा आले नाहीत. त्यांचं टेबल आरशासारखं असतं. फोटो काढण्यात त्यांचा हात धरणारा माणूस मी पाहिला नाही. एखाद्या पानावरचा दवाचा थेंब त्यांनी टिपला तर तो आता गळून खाली पडेल असं वाटतं. माझी आई गेली तेव्हा वहिनींनी आठ दिवस आमच्या घरी डबा पाठवला. वहिनी, त्या अन्नाची चव मला आठवते. आज मी जे बोलणार आहे ते ऐकून तुम्ही म्हणाल, हा खाल्ल्या मिठाला जागला नाही. म्हणा. तुमचा तो हक्क आहे.

आता आपल्या धंद्याचं थोडं. इथे हिशेबातले आणि गाडीवरचेही लोक बसले आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे गिऱ्हाईक येतं ते एक नाव घेऊन येतं. त्याचा लोगो असतो, त्यात अक्षरं असतात. ती अक्षरं पांढऱ्या कागदावर ठेवायची असतील तर माझी गरजच नाही, ती कुणीही ठेवेल. पण गिऱ्हाइकाला मागे चित्र हवं असतं. बाजार हवा, बाग हवी, धबधबा हवा, हसणारी पन्नास माणसं हवीत. त्या सगळ्या गर्दीत नाव उभं करायचं आणि ते रस्त्यावरून जाणाऱ्याला एका नजरेत वाचता आलं पाहिजे. आमचं काम ते एवढंच.

मी ज्या गावच्या शाळेत शिकलो तिथला फळा झिजून पांढुरका झाला होता. आम्ही पोरं खडू दाबून दाबून लिहायचो, खडू मोडायचा, अक्षर दिसायचं नाही. आमचे गुरुजी म्हणायचे, “अरे, खडूवर राग का काढता? फळा काळा करा.” आणि दर शनिवारी आम्हाला कोळसा कुटून फळा सारवायला लावायचे. इथे नोकरीला आलो तेव्हा पहिल्याच दिवशी तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत ऐकलं. ते सांगणारे होते आपले मास्तर.

नव्या मंडळींना मास्तर माहीत नाहीत. या संस्थेच्या दारावरचं नाव त्यांनी हाताने रंगवलेलं आहे. मी जे काही शिकलो ते त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून. ते म्हणायचे, “अक्षर दिसत नाही तेव्हा अक्षराला काही करू नकोस, बाळ. त्याच्या मागे काय चाललंय ते बघ.” कधी अक्षराला गडद कड द्यायचे. कधी चित्राचा तेवढाच भाग विझवायचे, कंदिलाची वात खाली करावी तसा. कधी मागे नुसती सावली. आणि काहीच चालेना तर सरळ एका रंगाची पट्टी टाकायचे आणि त्या पट्टीवर नाव बसवायचे. “पट्टी म्हणजे नावाला बसायला दिलेला पाट,” म्हणायचे. “पाहुण्याला गर्दीत उभं ठेवू नये.”

एक शर्टवाला आला होता. त्याला ठिपक्यांच्या कापडावर ठिपक्यांच्याच अक्षरांत नाव हवं होतं. मास्तर त्याला म्हणाले, “शेठ, ज्याला तुमचं नाव तोंडपाठ आहे त्यालाच हे वाचता येईल. आणि ज्याला तोंडपाठ आहे त्याला पाटी कशाला?” शर्टवाला रागावून गेला आणि चार दिवसांनी परत आला.

मास्तरांची एक रीत होती. लेबल असो नाहीतर दुकानाची पाटी, ते आधी मोठ्या जाड कागदावर नमुना काढायचे. तो व्हरांड्याच्या टोकाला टांगायचा, तीस पावलं मागे यायचं, आणि जो पहिला माणूस दिसेल त्याला वाचायला लावायचं. आमच्यातला नाही, बाहेरचा. पोस्टमन, झाडूवाला, वीजमीटर बघायला आलेला. मी एकदा म्हणालो, “मी वाचतो की.” मास्तर म्हणाले, “तू वाचत नाहीस, तू आठवतोस. काय लिहिलंय ते तुला आधीच ठाऊक आहे.” पोस्टमन अडखळला तर नमुना खाली. त्याने सरळ वाचलं तर कोपऱ्यात तारीख आणि मास्तरांची सही. हा त्यांचा कायदा.

साहेबांची रीत वेगळी होती. साहेब नमुना टेबलावर ठेवून बघायचे, हातभर अंतरावरून. हातभर अंतरावरून सगळंच सुंदर दिसतं.

सोळा वर्षांपूर्वी आपल्याकडे एका औषध कंपनीचं काम आलं. दोन बाटल्या. एक खोकल्याचं औषध, प्यायचं. दुसरं सांध्यांवर चोळायचं तेल. दोन्ही बाटल्या सारख्याच, झाकणं सारखी, कंपनीचा लोगोही तोच, फक्त लोगोच्या पोटात एका ठिकाणी ‘कफ’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘सांधे’. मागे चित्र होतं रानफुलांनी भरलेल्या माळाचं. पिवळी, जांभळी, पांढरी, हजारो फुलं. फोटो साहेबांनी स्वतः काढला होता, तीन दिवस माळावर पोटावर पडून. फोटो अप्रतिम होता. आजही सांगतो, अप्रतिम.

बाटल्या बाजारात गेल्या. दोन महिन्यांनी एका घरातल्या आजींनी आजोबांना खोकला लागला म्हणून चमचाभर तेल पाजलं. फुलांत पांढरी अक्षरं कुठे होती ते आजींना दिसलं नाही. ती बाटली फुलांची, म्हणजे खोकल्याची, एवढंच त्यांना माहीत. आजोबा वाचले. बारा दिवस दवाखान्यात होते. घसा पोळला तो पोळलाच, आवाज परत आला नाही. त्या आजी नंतर इथे आल्या होत्या, मालकांना भेटायला. फाटकापाशी मला विचारलं, “वाचता येत नाही तर लिहिता कशाला हो?” मी फाटक उघडून दिलं.

चौकशी झाली. वरच्या मजल्यावरची लांब टेबलाची खोली. औषध कंपनीचे दोघे होते. अध्यक्ष, तुम्ही होतात. साहेब होते, मास्तर होते. मी फायली घेऊन दाराशी उभा होतो. नोंदवहीत होतं, ‘नमुना मास्तरांनी तपासला’. मास्तर म्हणाले, “मी पट्टी दिली होती. गडद हिरवी.” साहेब म्हणाले, “कुठे आहे तो नमुना?” नमुना नव्हता. शोधून सापडला नाही. त्या महिन्यात अकरा लेबलं निघाली होती, काहींना पट्टी होती, काहींना नव्हती. मास्तर म्हणाले, “मला तरी दिली होती असंच वाटतंय.” साहेब हळूच म्हणाले, “वाटतंय ना?”

मग साहेब उठले. बाटली टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. म्हणाले, “मास्तर, वाचा बरं इथून.”

मास्तर पुढे वाकले. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. बाटलीकडे कुणी बघत नव्हतं. मास्तरांनी डोळे बारीक केले, मोठे केले. मग म्हणाले, “नाही दिसत.”

साहेब कंपनीच्या लोकांकडे वळून म्हणाले, “मी काय सांगत होतो?” आणि मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेने, म्हणाले, “सगळ्यांचंच वय होतं, मास्तर. नजर जाते. त्यात लाज कसली?”

ओरडले असते तर बरं झालं असतं. शिवी दिली असती तर मास्तरांनी परत दिली असती, त्यांची जीभ काही कमी नव्हती. पण मायेने बोललेलं माणूस खरं मानतो.

आता माझं सांगतो, कारण दुसऱ्याचं सांगताना आपलं झाकलं तर देव बघतो. मीही त्या दाराशी उभा राहून बाटली वाचायचा प्रयत्न केला होता. मी तेव्हा तेहतीस वर्षांचा. नजर ससाण्याची. आणि मला एक अक्षर दिसत नव्हतं. ‘मलाही दिसत नाही’, तीन शब्द बोलायचे होते. मी मूग गिळून उभा राहिलो. का, ते सांगत नाही, कारण कुठलंही कारण सांगितलं तरी ते सबब वाटेल, आणि ती सबबच आहे.

मास्तर दुसऱ्या दिवशी आले, जुन्या सदऱ्यात कुंचले गुंडाळले आणि गेले. चौतीस वर्षांची नोकरी. ना सभा, ना मानपत्र, ना दोन फुलं. त्यांच्या सूनबाई सांगतात, त्यानंतर त्यांनी कुंचला धरला नाही. घरावर नाव हवं होतं तर कोपऱ्यावरच्या पाटीवाल्याकडून लिहून घेतलं. विचार करा, आपल्या संस्थेचं नाव ज्याने लिहिलं त्याने स्वतःच्या दारावरचं नाव दुसऱ्याकडून लिहून घेतलं. का? तर म्हणे, “माझ्या नजरेने एका माणसाचा आवाज गेला.” सोळा वर्षं हा माणूस ते ओझं उशाशी घेऊन झोपला.

ते खरं नव्हतं. मास्तरांनी पट्टी दिली होती.

साहेब, आता हसत नाही तुम्ही.

तीन आठवड्यांपूर्वी साहेब मला म्हणाले, “माझं कपाट जरा आवर. स्मरणिकेला उपयोगी पडेल ते काढ.” आपल्याकडे एक सवय आहे, नव्यांना माहीत असेल. नमुन्याचा कागद जाड आणि चांगला असतो, तो टाकवत नाही. मग आपण सगळेच तो उलटा करून कपाटाच्या फळीवर अंथरतो. मीही अंथरतो. साहेबांच्या कपाटातली तिसरी फळी रिकामी केली, पुसायची म्हणून कागद उचलला. मागच्या बाजूला सोळा वर्षांच्या कपांचे गोल गोल डाग. उलटला. समोर हिरवी पट्टी.

त्यांनी तो लपवला होता असंही म्हणत नाही मी. लपवायला मनाला काहीतरी टोचावं लागतं. त्यांनी तो फळीवर अंथरला आणि त्यावर चहा ठेवला. नमुना कुठे आहे, असं त्यांनी चौकशीत विचारलं तेव्हा तो त्यांच्या कपाखाली होता.

मी तो घरी नेला. रोज सकाळी देवापुढे दिवा लावतो, दोन मिनिटं बसतो. त्या दिवशी बराच वेळ बसलो. देवाला म्हटलं, माझ्या मनात जे उठलंय ते चांगलं नाही, ते काढून घे. दुसऱ्या दिवशी परत म्हटलं. तिसऱ्या दिवशीही. देवाने काही काढून घेतलं नाही. त्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला असेल. त्याचा जाब त्याला देईन, इथे नाही.

आधी साहेबांकडे गेलो, एकटा, त्यांच्या खोलीत. कुणी असं म्हणू नये की याने घरातलं भांडण चव्हाट्यावर आणलं. म्हटलं, “साहेब, मास्तरांचा नमुना सापडला. पट्टी आहे त्यावर.”

म्हणाले, “मग?”

“मास्तरांना एकदा सांगा ना. तुमच्या तोंडून.”

“अरे, सोळा वर्षांनी उकरून काय मिळणार? त्या म्हाताऱ्याला आता आठवतही नसेल.”

“रोज आठवतं, साहेब.”

“तू देवभोळा माणूस,” म्हणाले, “असलं तुझ्या मनात राहत नाही, मला माहीत आहे. तो कागद देऊन टाक इकडे. आणि मानपत्राचं बघ. माझे सगळे गाजलेले फोटो मागे येऊ देत, एकही सोडू नकोस. त्यावर मजकूर सोनेरी. आणि पट्टीबिट्टी घालू नकोस हं. उगाच फोटो झाकले जातात.”

मानपत्राला मी ‘बरं’ म्हणालो, नमुना दिला नाही. मानपत्राचं ते सगळं एका कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवलं, त्यांनी सही केली. ती सही मी कपाटात ठेवली नाही, खिशात ठेवली.

तर बाई, तुमच्या हातात जे मानपत्र आलं ते असं तयार झालं. एकशे बारा फोटो आहेत त्यात. फुलं आहेत, पाणी आहे, बाजार आहे, पक्षी आहेत. त्यावर सोनेरी अक्षरं. कड नाही, सावली नाही, पट्टी नाही. जसं सांगितलं तसंच, सहीनिशी. साहेबांनी परवा ते टेबलावर ठेवून हातभर अंतरावरून बघितलं आणि म्हणाले, “वा!” तो मजकूर त्यांनी स्वतःच लिहिला होता. त्यांना तो तोंडपाठ होता.

बाई, ते जरा देता का इकडे? आभारी आहे.

साहेब, आता तुम्ही वाचा. उठू नका, बसल्या जागेवरूनच. मी टेबलाच्या या टोकाला धरतो. अंतर दहा फूट आहे, त्या दिवशीही तेवढंच होतं. तिसरी ओळ वाचा. ती तुम्हाला पाठ नसेल, कारण तिसरी ओळ मी बदलली आहे.

काय म्हणालात? चकाकतंय? बरं, तिरकं धरतो. आता?

वहिनी, तुम्ही अंदाजाने सांगू नका, त्यांना वाचू द्या.

नाही दिसत?

सगळ्यांचंच वय होतं, साहेब. नजर जाते. त्यात लाज कसली?

कुणी हसू नका, कृपा करून. हसण्यासाठी नाही केलं मी हे. मागच्या रांगेतले मानेने नाही म्हणताहेत, त्यांनाही दिसत नाही. पुढच्यांनाही नाही. इथे शंभर माणसं बसली आहेत आणि त्यातल्या एकालाही ती ओळ वाचता येत नाही. त्या दिवशी त्या खोलीत फक्त एका माणसाला वाचायला सांगितलं गेलं.

आता हा दुसरा कागद. हा तो नमुना. वर धरतो. मावशी, तुम्ही थर्मासपाशीच थांबा, पुढे येऊ नका. तुम्ही हा कधी बघितलाय? नाही ना? लोगोतलं कंपनीचं नाव मनातच ठेवा, त्याच्या खाली पट्टीवर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा.

अजून मोठ्याने, मावशी. पंखे चालू आहेत.

“सांधे. फक्त चोळण्यासाठी. पिऊ नये.”

ऐकलंत? मावशी, शाळा किती झाली तुमची? चौथी. आणि चष्मा? घरी राहिलाय म्हणतात. मंडळी, मावशींनी चष्म्याशिवाय सभागृहाच्या त्या टोकावरून वाचलं. मागे फुलं तीच आहेत, तोच माळ, एकही फूल कमी नाही. फक्त नावाला बसायला पाट दिला आहे. हा नमुना आहे तसा छापला असता तर त्या आजींनी चमचा भरलाच नसता.

कोपऱ्यात मास्तरांची सही आहे, तारीख आहे. आणि तिच्या खाली दोन दिवसांनंतरची तारीख घालून पेन्सिलने एक ओळ लिहिलेली आहे. ती मी वाचणार नाही. मावशींनाही वाचायला सांगणार नाही. ज्याने लिहिली त्याने वाचावी.

घ्या, साहेब. हे दहा फुटांवरून नाही. हातात घ्या. हातभर अंतरावर धरा, तुम्हाला आवडतं तसं.

चष्मा लावा. घाई नाही.

वाचा.

माईक जवळ घ्या, साहेब. चौथ्या रांगेत एक गृहस्थ बसलेत, सूनबाईंच्या शेजारी, करड्या कोटात. त्यांचं वय एक्याऐंशी आहे. कान जरा कमी आहेत, डोळे कमी नाहीत. मी त्यांना नुसतं ‘समारंभ आहे, चला’ असं सांगून आणलं. त्याआधी हा कागद घेऊन मी त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. “म्हणजे मी पट्टी दिली होती,” म्हणाले. “हो, मास्तर.” “म्हणजे तेव्हा माझी नजर ठीक होती.” “हो.” सूनबाईंना चहा ठेवायला सांगितला, आणि चहा आला तेव्हा कप तसाच खाली ठेवला. मला म्हणाले, “भरल्या सभेत नको हं, बाळ. कुणाला असं उघडं पाडू नये.” मी मान हलवली. सत्तावीस वर्षांत त्यांचा एवढा एकच शब्द मोडतो आहे.

वाचा, साहेब. सगळे थांबलेत.

“पट्टी काढा. फुलं पूर्ण दिसू द्या.”

परत एकदा, मास्तरांकडे बघून. अक्षर कुणाचं आहे?

“माझं.”

आभारी आहे. अध्यक्ष महाशय, हे आपण ऐकलंत. त्या दिवशी आपण खुर्चीत होतात आणि आजही आहात, म्हणून आपल्यालाही विचारतो, नोंदवहीतली ती ओळ अजून तशीच...

काय, मास्तर?

मास्तर उभे राहिले आहेत. बसा ना, मास्तर. सूनबाई, त्यांना...

काय म्हणालात?

मंडळी, मास्तर म्हणतात, “पुरे.”

अजून दोन प्रश्न लिहून आणले होते मी. एक साहेबांसाठी, एक अध्यक्षांसाठी. धारदार होते, तीन आठवडे घासलेले. ठीक आहे. कागद घडी करून खिशात ठेवतो. मास्तर पुरे म्हणाले की पुरे. मला अजून बोलायचं आहे, हे मात्र त्यांना दिसतंय, आणि म्हणूनच ते बसत नाहीत, मी पूर्ण थांबेपर्यंत.

तर आवरतं घेतो. अध्यक्षांनी बोलायची संधी दिली आणि घंटी वाजवली नाही, त्यांचे आभार. प्राचार्याबाईंचे आभार. मावशींचे सगळ्यांत जास्त, त्यांचा चहा आज माझ्यामुळे निवला. वहिनी, तुमची दुपार मी नासवली, तुम्ही काही केलं नव्हतंत, तुमची क्षमा मागतो. मास्तर, तुमचा शब्द मोडला, तुमची क्षमा तुमच्या घरी येऊन मागेन, दाराबाहेर उभं ठेवलंत तरी उभा राहीन. बाकी आपणा सर्वांसमोर बोलण्याच्या भरात जीभ कुठे घसरली असेल, मान कमी पडला असेल, तर ते पोटात घाला.

साहेबांची क्षमा मी मागत नाही. ती मागायची पाळी माझी नाही.

साहेब, मास्तर अजून उभेच आहेत. गुडघे दुखतात त्यांचे, फार वेळ उभं राहवत नाही. व्यासपीठाच्या पायऱ्या तुमच्या डाव्या हाताला आहेत. मी माईक ठेवून बाजूला होतो.